कोयता निघण्याआधी: लेकरांची आबाळ आणि अत्याचार गावपातळीवर कसे रोखायचे

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. ग्राम बाल संरक्षण समितीची सचिव म्हणून कागदावर माझं नाव आहे, पण समिती सह्यांपुरतीच. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. लेकरं म्हाताऱ्यांकडे नाहीतर नातेवाइकांकडे राहतात, काही सोबत जातात. मारहाण, उपासमार, मुलींची घाईची लग्नं, कधी त्याहून वाईट गोष्टीही कानावर येतात. घडल्यावर पोलिसांत जायचं एवढं कळतं. घडण्याआधी गावाला काय करता येईल?

उत्तर:

ताई, बाल संरक्षणाची बहुतेक प्रशिक्षणं घटना घडल्यानंतरच्या पायऱ्या शिकवतात. फोन कुणाला करायचा, फॉर्म कुठला, मुदत किती तासांची. त्या पायऱ्या माहीत हव्यातच, पुढे त्याही सांगतो. पण मराठवाड्यात हे काम करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्या घरात पुढे वाईट घडलं, त्या घराची अवस्था गावाला आधीच ठाऊक होती. बाप पितो, आई पहाटेच बाहेर पडते, आजीला नीट दिसत नाही, थोरली शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते, दूरचा कुणी चुलता रात्री-अपरात्री येऊन-जाऊन असतो. हे सगळं पारावरही बोललं जात होतं आणि हातपंपावरही. या माहितीचं करायचं काय, एवढंच कुणी ठरवलेलं नव्हतं. तुमच्या समितीचं खरं काम ते ठरवणं आहे, आणि ते पोळा ते दसरा या दिवसांत करायचं आहे.

त्याआधी एक फरक सगळ्या सदस्यांच्या मनात पक्का व्हायला हवा. काही घरांत आई-बापाला लेकराचं करायचं असतं पण जमत नाही. पैसा नसतो, हाताशी माणूस नसतं, अंगात ताकद उरलेली नसते. काही घरांत लेकराला जाणूनबुजून दुखवलं जातं. पहिल्या घराला मदत पोचवायची असते, दुसऱ्या घरात कायदा आणावा लागतो. गावं अनेकदा नेमकं उलट करतात. दोन लेकरांना कडी लावून खुरपायला गेलेल्या विधवेला चारचौघांत सुनावलं जातं, आणि पट्ट्यानं मारणाऱ्या बापाच्या दारात कुणी जात नाही, कारण ती ‘त्याच्या घरातली गोष्ट’. कायदा मात्र हा फरक ओळखतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये आपल्या ताब्यातल्या मुलाला मारणाऱ्याला, टाकून देणाऱ्याला किंवा जाणूनबुजून त्याची आबाळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच कलमात असंही आहे की जन्मदात्यांना हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल, तर ते त्यांनी मुद्दाम केलं नाही असंच धरायचं. मुलाचं संगोपन आधी कुटुंबाकडे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याचं मूळ तत्त्वही कलम ३ मध्ये लिहिलेलं आहे. म्हणून कुठल्याही घरातल्या लेकराला थेट बालगृहात पाठवण्याची भाषा सुरू झाली की सरपंचांना हे कलम वाचून दाखवा.

आता यादी. पोळा झाला की मुकादमांच्या, म्हणजे मजूर ठरवणाऱ्या ठेकेदारांच्या, फेऱ्या वाढतात, उचल (आगाऊ रक्कम) वाटली जाते आणि कुठला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कुठल्या कारखान्याला जाणार हे साधारण ठरतं. त्याच आठवड्यांत घरांची यादी करा. तक्रारींची नव्हे, घरांची. जाणाऱ्या प्रत्येक जोडीची लेकरं किती, मागे कुठलं राहणार, कुणाजवळ, सोबत कुठलं जाणार. तुम्ही, मुख्याध्यापक, आशाताई आणि पोलीस पाटील एकत्र बसलात तर हे एका दुपारचं काम आहे. मुकादम गावातलाच असेल तर त्यालाही बोलवा. मग मागे राहणाऱ्या प्रत्येक लेकराबद्दल तीन प्रश्न विचारा. रात्री कुठे झोपणार? आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार? आणि त्या घरात त्याला काही त्रास झाला, तर सांगायला घराबाहेरचं कोण आहे?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. अशाच लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पैसा समग्र शिक्षा अभियानातून येतो आणि गावात ती शाळा व्यवस्थापन समिती चालवते. योजना चांगली आहे, पण ती दोन जागी गळते. एक तर ती उशिरा सुरू होते आणि तोवर लेकरं फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, पोचलेली असतात. म्हणून प्रस्ताव नावानिशी, वेळेत जायला हवा, आणि मंजुरी येईपर्यंतच्या दिवसांत कुठल्या लेकराला कोण जेवू घालणार हे घरटी ठरवून ठेवायला हवं. दुसरी गळती जास्त धोक्याची. कित्येक ठिकाणी लेकरं दोन्ही वेळ वसतिगृहात जेवतात आणि झोपायला नातेवाइकाकडे जातात. जेवणाची नोंद वहीत असते, झोपण्याची नसते. बारा-तेरा वर्षांची पोर ज्या घरात झोपते तिथं मोठे पुरुष किती, दाराला आतून कडी आहे का, मोरी आणि संडास कुठे, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा. विचारायला अवघड वाटेल. पण आईपाशी विषय काढून बघा, तिच्या मनात हीच धास्ती असते आणि तिला ती कुणाजवळ बोलता आलेली नसते. मुलींना रात्री वसतिगृहातच ठेवायचं आणि सोबतीला गावातली एक विश्वासू बाई ठेवायची, एवढी एकच गोष्ट तुमच्या समितीला या हंगामात जमली तरी मी ते मोठं काम म्हणेन.

मुलींची लग्नं होतात त्यामागेही हीच धास्ती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. परभणीत ते ४८ टक्के आणि तुमच्या बीडमध्ये जवळजवळ ४४ टक्के. गरिबी आहे, हुंडा आहे, मुलगी मोठी झाली की हुंडा वाढतो ही समजूत आहे. पण ऊसतोडीच्या घरात आणखी एक हिशेब असतो. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यायची तर फडावरच्या कोपीला (झोपडीला) धड दार नसतं. शिवाय लग्न लावलं की एक नवा कोयता तयार होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. हा हिशेब समजून न घेता भिंतीवर घोषणा रंगवल्या तर आई-बाप त्या वाचतात आणि पुढे जातात. त्याच आई-बापांना पोरीच्या रात्रीची सोय दाखवा, माध्यमिक शाळेपर्यंतची सोबत दाखवा. पुष्कळ घरं लग्न आपणहून पुढे ढकलतात, हे मी पाहिलं आहे.

तरीही एखादं लग्न ठरलंच, तर गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना सोबत घेऊन हळद लागायच्या आधी जा. २००६ च्या कायद्यानुसार न्यायालय मनाई हुकूम देऊ शकतं, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. हे वराकडच्यांना शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा बोलणी तिथंच थांबतात. भर मांडवात पोलीस नेऊन लग्न थांबवलं की बातमी होते खरी, पण पुढे तेच लग्न मामाच्या गावी गुपचूप लागण्याची भीती राहते. म्हणून थांबवलेल्या लग्नानंतर दर महिन्याला त्या मुलीला भेटायला कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरवा. ही भेट चुकली की आधीची धावपळ वाया जाते.

आता घरभेटी. मारहाण आणि आबाळ घडण्याआधीच रोखण्याच्या उपायांत भक्कम पुरावा असलेले उपाय थोडे आहेत, त्यांतला हा एक, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९७७ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, एल्मायरा इथं डेव्हिड ओल्ड्स यांनी ४०० गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास सुरू केला. सगळ्या पहिलटकरणी, बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या, एकट्या किंवा गरीब. त्यांच्यातल्या एका गटाकडे परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नियमित जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं, तेव्हा त्या गटातल्या घरांत छळ आणि आबाळीच्या खऱ्या ठरलेल्या तक्रारी ४८ टक्के कमी होत्या. त्या परिचारिका घराची झडती घ्यायला जात नव्हत्या. आईची तब्येत, बाळाचं रडणं, तिचं पुढचं शिक्षण, घरात तिला कुणाची मदत होऊ शकते, याबद्दल त्या बोलत होत्या. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपण कधी विसरू नये. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथं भेटींचा हा फायदा दिसलाच नाही. बाई सुरक्षित नसेल तर तिच्या लेकरासाठी घेतलेली मेहनत त्या घरात टिकत नाही.

आपल्याकडे घरभेटीची व्यवस्था नव्यानं उभारायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. देशभरातल्या आशांच्या घरभेटी त्याच वाटेनं आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच. म्हणजे मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत किमान अकरा वेळा गावातलीच एक बाई त्या घरात जाऊन येते. आज ती वजन, ताप आणि दूध पाहते. तिच्या बोलण्यात आणखी दोन-तीन प्रश्न घाला. रात्री झोप होते का? बाळ रडायचं थांबत नाही तेव्हा काय करता? दिवसा हाताखाली कोण असतं? बाळ-बाळंतिणीच्या घरात हे प्रश्न कुणाला टोचत नाहीत, आणि उत्तरांतून खूप काही कळतं.

रडणाऱ्या बाळाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं जीव जाऊ शकतो. वैतागून तान्ह्याला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून एकही खूण दिसत नाही. बाळाचं पोट भरलेलं असेल, ते कोरडं असेल, ताप नसेल आणि तरी रडत असेल, तर त्याला पाळण्यात सुखरूप ठेवून दहा मिनिटं अंगणात जाऊन बसलं तरी चालतं. हे बाळंतिणीला कुणीतरी मोकळेपणानं सांगावं लागतं, सासूसमोर सांगावं लागतं, आणि बापालाही सांगावं लागतं. बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, सारखं रडू येतं असं आई म्हणाली, तर तिला नजर लागली म्हणून सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य उपचारानं बरं होतं.

आशाताईंवर आधीच किती कामं लादलेली आहेत आणि मानधनासाठी त्यांना किती वाट पाहावी लागते, हे मला माहीत आहे. म्हणून सगळ्या घरांचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. तुमच्या यादीतल्या ज्या घरांची काळजी वाटते, तेवढीच घरं वाटून घ्या. दोन तुम्ही, दोन आशाताई, एक बचत गटातली एखादी समजूतदार बाई.

बाईला मार बसत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, जिल्ह्याला अशा बायकांना मदत करणारं ‘सखी’ केंद्र असतं. तिथवर तिला एकटीनं जाऊ देऊ नका, पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जा. दारू हे मूळ असेल तर महाराष्ट्रातल्या बायकांच्या हातात एक कायदेशीर साधन आहे, आडवी बाटली. दुकान परवान्याचं असेल तर ठरलेल्या संख्येनं मागणी झाल्यावर मतदान घेतलं जातं आणि बहुमतानं ते बंद करता येतं. गावठी दारू असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि उत्पादन शुल्क विभागाकडे पाठपुरावा, हा मार्ग. आणि पिणाऱ्याला उपचाराची वाट दाखवायचं काम समितीनंच करावं, त्याला नुसतं हिणवून घरातल्यांचा त्रास वाढतो.

पैशाचं बोलू. आबाळीच्या बऱ्याच घटना पैशानं टळतात, हे स्पष्ट म्हणायला संकोच नको. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. अनाथ मुलं, आई किंवा बाप गेलेली मुलं, आई-बाप दुर्धर आजारी असलेली, तुरुंगात असलेली, विभक्त झालेली, अशा मुलांना कुटुंबातच वाढवण्यासाठी ही मदत मिळते. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत प्रायोजकत्वाची मदत महिन्याला ४००० रुपये आहे. तिला उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजारांच्या आत. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज जातो, घरी येऊन चौकशी होते आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशानं मंजुरी मिळते. रक्कम कधी वेळेवर येते, कधी महिनोन् महिने अडकते. तरी अर्ज करायचाच. अडतं ते बहुतेक वेळा कागदांवर: बापाचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. यादीतल्या प्रत्येक एकल आईचे हे कागद समितीतल्या एका माणसानं अंगावर घ्यावेत. तुमचे तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक एका दिवशी शाळेत बसले तर बाईच्या तालुक्याच्या चार-पाच खेपा आणि तेवढीच मजुरी वाचते.

गावाकडेही थोडा पैसा असतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो दरवर्षी खुर्च्या आणि सतरंज्यांवर जातो. त्यातून वसतिगृहातल्या रात्रीच्या सोबतीचं मानधन, दाराला कड्या, संडासापर्यंतचा दिवा बसतो का, हे ग्रामसभेत मांडा. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा. बांधावर झोपवलेलं तान्हं आणि विहिरीकाठी खेळणारं तीन वर्षांचं पोर या दोघांचाही जीव त्या एका नेमणुकीनं वाचू शकतो.

मारण्याबद्दल पालकांशी बोलायचं असेल तर पालकसभेत भाषण देऊ नका. ‘आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो’ हे उत्तर तयारच असतं, आणि ते खरंही असतं. महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचं सांगितलं होतं, आणि घरात मारणारे बहुतेक आई-बापच होते. वाईट माणसंच मारतात असं नाही, दमलेली आणि दुसरं काही सुचत नसलेली माणसंही मारतात. म्हणून आठ-दहा आया, जमलं तर वेगळे आठ-दहा बाप, एवढ्यांनाच संध्याकाळी बसवा आणि एकच प्रश्न ठेवा: काल लेकरावर हात उगारावासा वाटला तो क्षण कुठला होता? मग त्या क्षणी दुसरं काय करता आलं असतं ते त्यांनाच सुचवू द्या. बापांच्या बैठकीला पुरुषच लागतो, शक्यतो गावात मान असलेला. एखादा भजनी मंडळातला बुवा किंवा कुस्तीचा वस्ताद ‘मी पोरांवर हात उचलत नाही’ म्हणाला, तर ते ऐकलं जातं. शाळेत मारण्याला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २०१० पासूनच बंदी आहे, तिथं चर्चेचा प्रश्न नाही.

आता लैंगिक अत्याचार. इथं माझा सूर बदलेल, कारण इथं समजुतीनं घेण्याला अजिबात जागा नाही. २००७ च्या त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. त्यात मुलगे मुलींइतकेच होते, आणि बहुतेकांनी तोवर तो कुणालाही सांगितलेला नव्हता. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण दरवर्षी ९० टक्क्यांहून जास्त असतं. अनोळखी माणसापासून जपा, एवढं शिकवून आपण लेकराला खऱ्या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. अंगणवाडीतल्या वयापासून शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं साध्या शब्दांत शिकवा. अंघोळ घालताना आई आणि तपासताना डॉक्टर सोडून गुप्तांगांना कुणी हात लावू नये, लावला तर सांगायचं, आणि एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. ‘हे आपलं गुपित’ असं मोठं माणूस म्हणालं की ते गुपित फोडायचंच. मुलग्यांनाही हेच शिकवा.

पण लेकराला शिकवून जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, जागा सुरक्षित करणं मोठ्यांचं काम आहे. वसतिगृह, शिकवणी, आश्रम, तालीम, शाळेची गाडी: एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद दाराआड राहणार नाही, असा साधा नियम सगळीकडे लावा. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाल्यावर अनेक शाळांना तो आठवला. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे आणि मुलांना त्यांची नावं माहीत आहेत का, हे या आठवड्यात विचारा.

लेकरानं काही सांगितलंच, तर पहिलं वाक्य हे असावं: तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. खोदून खोदून विचारू नका, पाच जणांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. पारावर बसून पैसे ठरवणं, आरोपीशीच मुलीचं लग्न लावणं, त्याला काही दिवस गावाबाहेर पाठवणं, हे सगळं गुन्हा दडपणं आहे. सरपंच आग्रह करत असतील तर त्यांनाही ही कलमं दाखवा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली, २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. तिथं फोन केला की पुढची जुळवाजुळव सोपी होते, पण पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आपलीच राहते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. उपचार तातडीनं आणि मोफत मिळाले पाहिजेत, त्यासाठी गुन्हा नोंदवला जाण्याची वाट पाहायची नसते. खटल्याच्या काळात सोबत राहणारी सहायक व्यक्ती बाल कल्याण समिती नेमून देऊ शकते, ती जरूर मागा. तारखांच्या त्या वर्षांत घर एकटं पडतं आणि साक्ष फिरते ती तिथंच.

नाव फुटू देऊ नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक संदेशही त्यात येतो.

समितीबद्दल तुम्ही विचारलंत. सरपंच अध्यक्ष, तुम्ही सचिव, मुख्याध्यापक, पोलीस पाटील, आशा, आणि दोन मुलं. ती दोन मुलं बहुतेक गावांत कागदावरसुद्धा नसतात, त्यांना आणा, आणि ऊसतोडीच्या घरातलीच आणा. आम्हाला रस्त्यावरच्या कुठल्या वळणाची भीती वाटते, हे मुलंच सांगतात. महिन्याचा एक दिवस पक्का करा, म्हणजे बोलवणं करावं लागत नाही. बैठकीत एखाद्या घराचं नाव घेऊन चर्चा करायची असेल तर ती दोघा-तिघांतच करा आणि इतिवृत्तात नाव लिहू नका. समिती चौकशी करत फिरते असा समज झाला की घरांची दारं बंद होतात, आणि पहिल्या वर्षी तर दारं उघडी ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. आधी दोन-तीन घरांची अर्जांची कामं करून द्या. लोक मग आपणहून बोलतात.

सोबत जाणाऱ्या लेकरांना विसरू नका. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, लसीकरणाची नोंद सोबत द्या, आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतराची नोंद करा म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत त्यांना आहार मागता येतो. कारखाना कुठल्या जिल्ह्यात आहे ते पाहून तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर आणि १०९८ आईच्या फोनमध्ये साठवून द्या. आईला लिहिता-वाचता येत नसेल तर थोरलीला पाठ करायला लावा. महिन्यातून एकदा, शक्यतो हप्ता झाल्यावर, तुम्ही किंवा शिक्षकांनी एक फोन करावा आणि लेकराशीच बोलावं.

शेवटी तुमच्याबद्दल. गावात राहून तक्रार करणं सोपं नाही. तुमचं घर त्याच गल्लीत आहे आणि आरोपी कदाचित भावकीतलाच असेल. पॉक्सोच्या कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे की प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कुठलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. तरी एकटीनं सही करू नका. मुख्याध्यापक किंवा आरोग्य सेविकेसोबत, समितीच्या नावानं पत्र द्या, पोच घ्या, आणि एक प्रत तुमच्या पर्यवेक्षिकेला व जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी पाठवा. वेळ नसेल आणि मूल धोक्यात असेल तर १०९८ वर नाव न सांगताही बोलता येतं. धमकी आली तर ती किरकोळ समजू नका, तारीख-वारासह लिहून ठेवा आणि पोलिसांना लेखी द्या. जिल्हा कक्षाचा पत्ता, बाल कल्याण समिती कुठल्या दिवशी बसते ते आणि तुमच्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव, हे तिन्ही या आठवड्यातच मिळवून अंगणवाडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बाल संगोपनाचे अर्ज भरताना कुठे अडलं तर कागदांची यादी इथं टाका, काय कमी पडतंय ते मी पाहून सांगतो.